गोदरेज इझी: स्वेटरला उत्तम, कॉलरच्या मळापुढे हतबल

इझी म्हणजे लोकर-रेशमासारखे नाजूक कपडे धुण्याचं लिक्विड. त्याची बाटली घरात आली की जे जे नाजूक वाटेल ते त्यात भिजवलं जातं, आणि मग 'डाग काही निघाले नाहीत' अशी तक्रार होते. हे लिक्विड कुठल्या कपड्याला लागतं, ते कपड्याच्या आत शिवलेली पट्टीच सांगते. पट्टीवर पाण्याच्या टबाचं चित्र असतं. त्या टबात हात दाखवलेला असेल किंवा टबाखाली आडव्या रेघा असतील (एक रेघ म्हणजे हलकी धुलाई, दोन म्हणजे अगदी हलकी), तर बाटली उघडावी. टबावर फुली असेल तर पाण्यात घालूच नये, मग लिक्विड कितीही सौम्य असो.

इझीचा खरा गुण एकच, त्यात सोडा नाही. साध्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. कॉटनला त्याचं काही वाटत नाही, पण लोकर आणि रेशीम हे प्रथिनांचे धागे. सोड्याने लोकर राठ होते, रेशमाची चमक जाते. डाग काढणाऱ्या बऱ्याच पावडरींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्सही असतात. दुधाच्या, अंड्याच्या डागावर ती छान चालतात, पण रेशमाचा धागाही त्यांच्या तावडीतून सुटत नाही.

एका स्वेटरला अर्धी बादली गार पाणी आणि दोन चहाचे चमचे इझी पुरे. आधी लिक्विड पाण्यात नीट मिसळावं, मगच कपडा उलटा करून बुडवावा. पाच-दहा मिनिटं ठेवून हाताने हलकेच दाबत राहावं, घासू नये. दोनदा विसळावं, तेही तेवढ्याच गार पाण्यात. बोअरचं जड पाणी असेल तर फेस कमी येतो म्हणून लोक आणखी लिक्विड ओततात. त्याने कपडा जास्त स्वच्छ होत नाही, विसळणं मात्र वाढतं. फ्रंट लोड मशीनमध्ये वूलन प्रोग्रामला याहून कमीच घालावं, फेस जास्त झाला तर ड्रममध्ये कपडे नीट घुसळले जात नाहीत.

स्वेटर आटला की दोष लिक्विडला दिला जातो. बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड घट्ट, जाड होऊन बसतं. ते परत पहिल्यासारखं होत नाही. उलट, ओला स्वेटर दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने लांबतो. पट्टीवर चौकोनात आडवी रेघ असते ती 'आडवा पसरून वाळवा' हे सांगायलाच. म्हणून पिळू नका, कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा पसरा. रेयॉनच्या कुर्त्यालाही हीच काळजी हवी, कारण ओला झाल्यावर त्याचा धागा बराच कमजोर होतो.

आता उणी बाजू. कॉलरचा मळ, हळदीचा रस्सा, तेलाचा डाग यांवर इझीकडून फार अपेक्षा ठेवू नये, ते त्याचं कामच नाही. रोजच्या कॉटनला वापरणं तर उधळपट्टीच. रंग जाण्यापासूनही ते वाचवत नाही. गडद रेशीम भिजवण्याआधी आतली शिवण ओली करून पांढऱ्या फडक्याने दाबून पाहा. फडक्याला रंग लागला तर साडी ड्रायक्लीनरकडेच जाऊ द्या. जरीच्या पैठणीवर तर हा प्रयोगही नको.

रिठ्याचं पाणी स्वस्तात तेच काम करतं, असं म्हणणारे पूर्ण चूक नाहीत. गडद शालीला ते चालतं. पांढऱ्या, फिक्या लोकरीवर मात्र पिवळसर झाक येऊ शकते. तिथे इझीच बरं.

बाटली कधी काढायची? थंडी संपल्यावर, स्वेटर कपाटात टाकण्याआधी. घाम किंवा खाण्याचे डाग राहिलेल्या लोकरीला कसर आधी लागते. कपडा पूर्ण वाळवूनच घडी घाला, शिवणीत जरा ओल राहिली तरी पावसाळ्यात कपाट उघडल्यावर कुबट वास येतो.