चालत्या गाडीत शिजवायचं, पण गॅसवर नाही: सात महिन्यांचा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत राहतो. गेल्या वर्षी एक जुनं मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलं, ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायची जागा असते तसलं. आत तीन बर्नर आणि त्यांच्याखाली छोटा गॅसचा ओव्हन. तो पाहून माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की वांगी भरून आत ठेवावीत, नवरा गाडी चालवेल आणि मुक्कामाला पोचेपर्यंत भाजी तयार!

हा प्रयोग मी एकदा केला, हे आधीच कबूल करते. पुस्तिकेत "गाडी चालू असताना वापरू नका" असं छापलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. आई त्या वेळी सांगलीहून आली होती. ती म्हणाली, "अगं, गाडी पळतेय आणि तू आत विस्तव पेटवून ठेवलास?" मी म्हटलं, मंद आहे गं. पुढच्या सिग्नलला नवऱ्याने ब्रेक दाबला. या ओव्हनच्या दाराला कडी नसते, नुसती स्प्रिंग असते. जाळी सरकली, दार धाडकन उघडलं आणि भरली वांगी तेलासकट जमिनीवर. आत निळी ज्योत जळतेच आहे. कुणाला भाजलं नाही, कारण सगळे पट्टे लावून बसले होते. मी उठून वांगी सावरायला गेले असते तर काय झालं असतं, ते आई अजून फोनवर ऐकवते.

नंतर मी गाडीखाली वाकून पाहिलं. गॅसची नळी टाकीपासून मागपर्यंत चासीच्या बाजूने गेलेली आहे, चाकाच्या अगदी जवळून. टायर फुटला तर त्याच्या चिंध्या सपासप त्याच नळीवर बसणार. नळी पूर्ण तुटली तर टाकीकडची आपोआप मिटणारी झडप गॅसचा लोट रोखते, पण बारीक चीर पडली तर तिला काही कळत नाही. हा गॅस म्हणजे प्रोपेन, हवेपेक्षा जड, खाली साचतो. म्हणून तर गॅसचा अलार्म जमिनीलगत लावलेला असतो. काही जण म्हणतात, आम्ही फ्रिज गॅसवर चालू ठेवूनच वर्षानुवर्षं गाडी चालवतो. चालवोत. मी आता निघण्याआधी टाकीची मुख्य झडपच बंद करते.

तशी ती बऱ्याच ठिकाणी बंद करावीच लागते. पेट्रोल भरताना पायलटची, म्हणजे ओव्हन पेटवायला सतत जळणारी छोटी ज्योतसुद्धा चालत नाही. व्हर्जिनिया बीचकडे जाताना चेसापीक बे ब्रिज-टनेल लागतो, 17.6 मैलांचा, मध्ये दोनदा पाण्याखालून. तिथे प्रोपेन बंद हवा. बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांत तर 10 पौंडांहून मोठा सिलिंडर असलेली गाडी जाऊच शकत नाही. पूर्वी त्याला फ्रान्सिस स्कॉट की नावाच्या पुलावरून वळसा होता. तो पूल मार्च 2024 मध्ये जहाजाच्या धडकेने पडला, तेव्हापासून शहराच्या पश्चिमेकडून लांबचा फेरा. म्हणजे आमच्यासारख्यांना रस्त्यात गॅस हा पर्याय नाहीच.

मग जनरेटरवर मायक्रोवेव्ह करून पाहिला. आमचा जनरेटर 4000 वॉटचा, गाडीच्याच टाकीतून पेट्रोल पितो, आणि धावत्या गाडीत चालतो. पण आवाज असा की पिठाची गिरणी शेजारी घेऊन निघाल्यासारखं वाटतं. शिवाय मिनिटा-मिनिटाला कुणीतरी उठून बघणार. दोन फेऱ्यांत नाद सोडला.

आता मुद्द्याची वस्तू. इथल्या ट्रक स्टॉपवर जेवणाच्या डब्याच्या आकाराचा 12 व्होल्टचा ओव्हन मिळतो. ट्रकवाले वर्षानुवर्षं वापरतात. लायटरच्या सॉकेटला लावायचा, आत अॅल्युमिनियमचं भांडं ठेवायचं, झाकण लावून विसरून जायचं. 12 अँपिअर घेतो, म्हणजे जेमतेम दीडशे वॉट. घरातल्या ओव्हनच्या मानाने काडेपेटी. त्यामुळे पदार्थ भाजला जात नाही, हळूहळू शिजतो. हे एकदा मनाने मानलं की वस्तू आवडायला लागते.

मला तर ती आवडली एका गमतीमुळे. हायवेवर ताशी 60 मैल धरले तर मिनिटाला एक मैल. मी आता जेवण मैलांत मोजते. घरून शिजवून आणलेली मटकीची उसळ 70 मैल. फॉइलमध्ये गुंडाळलेल्या पोळ्या उसळीच्या वर ठेवायच्या, शेवटचे 20 मैल. रताळ्याच्या चकत्या, तुपाचं बोट लावून, 120 मैल, आणि त्या इतक्या गोड होतात की घरच्या ओव्हनमध्ये मला तशा जमलेल्या नाहीत. मऊ खिचडी 100 मैल, पण तांदूळ-डाळ भिजवलेली हवी आणि पाणी थर्मासमधलं उकळतं. गार पाणी घातलंत तर मेरीलँड संपतं आणि तांदूळ तसाच टणक. फ्रोझन पराठे घालू नका, ओल्या फडक्यासारखे होतात. थालीपीठ तर विचारूच नका.

कच्चं चिकन मी यात शिजवत नाही. अन्न 4 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये जास्त वेळ रेंगाळलं की जंतू वाढतात, आणि हा डबा नेमका तिथेच रेंगाळतो. शिजवलेलं चिकन गरम करते, तेही थर्मामीटरचा काटा टोचून 74 अंश दिसल्यावरच वाढते.

तक्रारी आहेत. मोठी तक्रार प्लगची. तिसऱ्या महिन्यात जळका वास आला. पाहिलं तर डबा ठीक होता, सॉकेट मऊ झालं होतं. खडबडीत रस्त्यावर प्लग ढिला होतो, संपर्क नीट राहत नाही आणि तिथेच तापतो. नवऱ्याने मग बॅटरीपासून जाड वायर ओढून, 15 अँपिअरचा फ्यूज घालून वेगळं सॉकेट बसवून घेतलं. तेव्हापासून त्रास नाही. तुमचं सॉकेट जुनं असेल तर हे आधीच करा.

दुसरं, इंजिन बंद तर डबा बंद. डेलावेअरमध्ये एका विसाव्याच्या जागी आम्ही गप्पा मारत दीड तास बसलो, डबा चालूच. गाडीची बॅटरी तशीही म्हातारी. किल्ली फिरवली तर नुसतं टकटक. डॅशबोर्डवर मागच्या राहत्या भागाची वेगळी बॅटरी इंजिनला जोडायचं बटण असतं, त्याने वाचवलं. ते बटण कशासाठी आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ठेवायचा कुठे? आमचा दोन सीटच्या मध्ये जमिनीवर असतो, खाली ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळी आणि वरून पट्टा. गाडी चालू असताना उघडायचा नाही, कितीही वास सुटला तरी. लसणाच्या फोडणीचा वास केबिनमध्ये दोन दिवस राहतो, ही तक्रार समजायची की नाही ते तुम्ही ठरवा.

गॅसचा ओव्हन मुक्कामाला मात्र वापरते. पोटावर पडून लांब लायटरने पायलट पेटवायचा, बटण दाबून धरायचं, ही कसरत आहेच. पदार्थ खालून करपतो म्हणून आत ग्लेझ नसलेली एक फरशी ठेवली आहे. तिच्यामुळे नानकटाई बऱ्यापैकी सारखी भाजली जाते.

डब्याला मी पाचपैकी चार देईन. 40 डॉलरच्या आसपास पडला होता. गेल्या महिन्यात झाकणाची कडी तुटली, सध्या परकराच्या नाडीने बांधते. थँक्सगिव्हिंगला उत्तर कॅरोलिनाला जायचंय, त्याआधी नवा घेईन. हाच.