पंप-मोटर दुरुस्तीच्या दुकानासाठी टॅलीप्राइमचं ‘रीऑर्डर स्टेटस’

सोसायट्यांचे पंप आणि मोटर दुरुस्त करणाऱ्या मुंबईतल्या बऱ्याच दुकानांत जीएसटीच्या बिलांसाठी टॅली असतंच. कोणता माल किती मागवायचा हे सांगणारा त्यातलाच ‘रीऑर्डर स्टेटस’ हा रिपोर्ट नीट लावला, तर सुट्या भागांसाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यायची गरज पडत नाही. रिपोर्टचा हिशोब चोख आहे. अडतं ते त्याला पुरवलेल्या नोंदींपाशी.

आधी नावं. एकाने ‘६२०४ झेडझेड’ आणि दुसऱ्याने ‘बेअरिंग ६२०४’ असं घातलं की एकाच मालाचे दोन आयटम होतात, आणि एकात भरपूर शिल्लक असताना दुसऱ्याची खरेदी सुचवली जाते. आयटमच्या स्क्रीनवर एफ-१२ मधून पार्ट नंबरचा रकाना चालू करून पूर्ण नंबर तिथे ठेवा. मात्र ६२०४ बेअरिंगचे झेडझेड आणि टूआरएस हे दोन प्रकार एकत्र करू नका. दोन्हींचं माप २० × ४७ × १४ मिमीच, पण झेडझेडला पत्र्याची शील्ड असते, टूआरएसला रबरी सील. ओलसर पंपरूममध्ये पाणी अडवायला रबरी सीलवालंच बरं. वाइंडिंग वायरच्या किलो युनिटला तीन दशांश स्थळं द्या, नाहीतर १.३५० किलोची नोंद धड होणार नाही.

आता रीऑर्डर लेव्हल, म्हणजे शिल्लक ज्याच्या खाली गेली की माल मागवायचा तो आकडा: रोजचा खप गुणिले माल यायचे दिवस, अधिक थोडी राखीव. नागदेवीच्या बाजारातून लगेच मिळणाऱ्या बेअरिंगला दोन-तीन दिवसांचा साठा पुरे. बाहेरगावाहून १२ दिवसांनी येणारं मेकॅनिकल सील (पंपाच्या शाफ्टपाशी पाणी गळू न देणारा भाग) रोज २ लागत असेल तर २४ आणि राखीव १०, म्हणजे ३४. हे गणित कागदावर करून आकडा भरायचा. किमान ऑर्डरही भरा. सील १० च्या बॉक्समध्ये येत असेल तर १०.

आता रिपोर्ट. ऑल्ट-जी दाबून ‘रीऑर्डर स्टेटस’ लिहिलं की उघडतो. समजा सीलची शिल्लक १८, यायची खरेदी ऑर्डर १०, ग्राहकाला द्यायची ऑर्डर २. निव्वळ उपलब्ध २६, तूट ८. किमान ऑर्डर १० असल्याने तो १० मागवा म्हणतो.

घोळ होतो तो इथेच. ऑर्डर फोनवर दिली आणि खरेदी ऑर्डर नोंदवलीच नाही, तर दुसऱ्या दिवशी तीच तूट पुन्हा दिसते आणि माल दोनदा येतो. उलट प्रकार जास्त वाईट. माल आला, पण खरेदीचं बिल घालताना ऑर्डर जोडली नाही. मग आलेले १० शिल्लकीतही धरले जातात आणि यायच्या मालातही. रॅक रिकामा होत जातो, रिपोर्टमध्ये तूट शून्य! म्हणून दर आठवड्याला बाकी खरेदी ऑर्डरींची यादी काढा आणि मेलेल्या ऑर्डरी प्री-क्लोज करा, म्हणजे बाकी यादीतून बंद करा. लेबरसकट एकरकमी बिलात वापरलेले सील, कपॅसिटर स्टॉक जर्नलने (साठ्यातून माल कमी करायच्या नोंदीने) काढले नाहीत, तरी शिल्लक अशीच फुगते.

लेव्हल खपावरून आपोआप ठरवायची ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ सोयही आहे. ती मागचा काळ बघते, आणि मुंबईत नेमकं तेच नडतं. तीन महिन्यांचा काळ दिला तर १ जूनला ती मार्च ते मेचा खप धरते, आणि तळघरांत पाणी शिरून डीवॉटरिंग पंप कामाला येताच सीलची मागणी चढते. त्यामुळे तिथे निकष ‘हायर’ ठेवा आणि मे महिन्यात स्वतःचा आकडा वाढवून घाला. दोहोंतला मोठा आकडा धरला जाईल. सप्टेंबरअखेर तो हाताने उतरवा. तरीही पावसाळ्याचा खप काही काळ मागच्या तीन महिन्यांत येतच राहतो. तेव्हा डीवॉटरिंगच्या भागांना डिसेंबरअखेरपर्यंत साधी, हाताने भरलेली लेव्हलच लावा, नाहीतर पुढच्या जूनपर्यंत पैसा रॅकवर अडकतो.

काउंटर आणि स्टोअर दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी करायच्या असतील तर टॅलीचं सिल्व्हर, म्हणजे एका वापरकर्त्याचं लायसन्स, पुरत नाही. अनेकांसाठीचं गोल्ड घ्यावं लागतं.