ओसीआय कार्ड : घेण्याजोगे, पण अटी वाचून

अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली की भारतीय पासपोर्टचा प्रश्न आपोआप निकालात निघतो. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. आपल्या घटनेलाही दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांना ही किंमत आधीपासून ठाऊक असते आणि ती मोजण्याची कारणेही रोखठोक असतात. मतदान करायचे असते, आई-वडिलांना कायमचे बोलावून घ्यायचे असते, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उमेदीची वर्षे घालवल्यावर पुन्हा कुणाच्या मर्जीवर राहण्याची तयारी उरलेली नसते. या व्यवहारात जे हातचे जाते त्याची थोडीफार भरपाई म्हणून भारत सरकार भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड देते. आमच्या घरात ते सर्वांकडे आहे आणि पुरेसे वापरून झाले आहे, म्हणून हे परीक्षण.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. सरकारने नेमलेल्या लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या समितीने 2002 मध्ये अनिवासींना दुहेरी नागरिकत्व देण्याची शिफारस केली. प्रत्यक्षात 2006 च्या जानेवारीत हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसात (परदेशस्थ भारतीयांच्या सरकारी मेळाव्यात) जी योजना सुरू झाली, तिच्यात मत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि सरकारी नोकरीचा हक्कही नाही. यात मला काही वावगे वाटत नाही. वर्षातून तीन आठवडे जिथे आपण पाहुणे म्हणून जातो, तिथल्या पाणीपट्टीचा आणि शाळांचा निर्णय तिथे बारा महिने राहणाऱ्यांनी करावा, हे योग्यच आहे. कार्डाविषयीची माझी तक्रार वेगळी आहे आणि ती पुढे येईल.

अमेरिकेतून अर्ज करताना शुल्क 275 डॉलर पडते, त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. ऑनलाइन अर्जाचे दोन भाग आहेत. छायाचित्र चौरस हवे आणि सहीची प्रतिमा उंचीच्या तिप्पट रुंद. हे सगळे संयमाने जमते. खरी कसोटी लागते ती नावांची, आणि विशेषतः मराठी बायकांच्या नावांची. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले, तेव्हा केवळ आडनाव बदलले नाही, तर पाळण्यातले नाव आणि वडिलांचे नावही बाजूला पडले. त्यामुळे जन्मदाखल्यावर एक बाई, भारतीय पासपोर्टवर दुसरी, आणि नवऱ्याचे नाव मधल्या रकान्यातून गळाल्यामुळे अमेरिकन प्रमाणपत्रावर तिसरीच, अशी माझी कागदोपत्री अवस्था होती. केंद्राने अर्ज परत केला, मग विवाह प्रमाणपत्र आणि नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र जोडून तो पुन्हा पाठवावा लागला. ज्या यंत्रणेकडे दर वर्षी मराठी कुटुंबांचे इतके अर्ज येतात, तिला ही प्रथा अजून नवलाची वाटावी याचे मला नवल वाटते.

गोव्यातील अर्जदारांची अडचण याहून गहिरी होती. 19 डिसेंबर 1961 पूर्वी पोर्तुगीज अंमलाखाली जन्मलेल्यांची आणि त्यांच्या वंशजांची नोंद पोर्तुगालमध्ये करून तिथले नागरिकत्व मिळवता येते, आणि युरोपात नोकरी मिळावी म्हणून अनेक गोवेकर हा मार्ग धरतात. पुढे त्यांतील काहींचे भारतीय पासपोर्ट परत करून घेण्याऐवजी रद्द केले जाऊ लागले, आणि पासपोर्ट परत केल्याचे प्रमाणपत्र नसल्याने ओसीआयचे दारही बंद झाले. एप्रिल 2024 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने रद्द केल्याचा आदेशही ग्राह्य धरण्याचे ठरवले, तेव्हा ही कोंडी फुटली.

एकदा हातात आले की कार्ड चोख काम करते. आजन्म, कितीही वेळा प्रवेश, कितीही मुक्काम, आणि परदेशी नागरिकांना करावी लागणारी नोंदणी नाही. अजिंठ्याला तिकीट भारतीय दराने मिळते. पूर्वी वीस वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट बदलला की कार्डही नव्याने काढावे लागे, आणि अमेरिकन मुलांचा पासपोर्ट सोळा वर्षांपर्यंत पाचच वर्षांचा असल्याने तो जाच वरचेवर होई. 2021 पासून नवा पासपोर्ट आणि छायाचित्र संकेतस्थळावर चढवले की भागते, आणि कार्ड विसाव्या वर्षानंतर एकदाच बदलावे लागते. ही सुधारणा मनापासून दाद देण्याजोगी आहे.

संधींच्या बाबतीत हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. डॉक्टर, वकील, वास्तुरचनाकार, सनदी लेखापाल यांना संबंधित कायद्यांच्या चौकटीत भारतात व्यवसाय करता येतो. पुण्यात सदनिका घेता येते. शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेता येत नाही. वारसाने आलेली शेती मात्र राखता येते. माझ्या वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारस नोंद करायला तलाठी कार्यालयात गेले, तेव्हा कार्ड पाहून कुणी आक्षेप घेतला नाही. उलट भावाइतकाच वेळ मलाही बाकावर बसवून ठेवण्यात आले, आणि त्या समानतेचा मला, खरे सांगायचे तर, आनंदच झाला.

आता तक्रार. मूळ कायद्याने बरेचसे हक्क केंद्र सरकारच्या अधिसूचनेवर सोपवले आहेत, आणि अधिसूचना बदलते. 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेने वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांमध्ये कार्डधारकांना केवळ अनिवासी भारतीयांच्या जागांपुरते मर्यादित केले. भारतात वाढलेल्या, भारतातच दहावी-बारावी केलेल्या, परंतु योगायोगाने परदेशात जन्मलेल्या मुलांनाही त्याचा फटका बसला. 2023 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ही अट अधिसूचनेपूर्वीच्या कार्डधारकांना लागू होणार नाही असे ठरवले. अधिसूचनेनंतर कार्ड घेणाऱ्यांना तो दिलासा नाही. 2025 च्या ऑगस्टमधील अधिसूचनेनुसार, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झाले तरी कार्ड रद्द होऊ शकते, म्हणजे दोष सिद्ध होण्यापूर्वीच. करार झाल्यावर घरमालकाने भिंतीवर नवी नियमावली लावावी तसे हे आहे. काय दिले नाही याबद्दल मी भांडणार नाही. जे दिले ते किती काळ टिकेल हे सांगितलेले नाही, याबद्दल भांडेन.

तरीही मी हे कार्ड घ्यायला सांगेन. दर सुट्टीला व्हिसासाठी हेलपाटे घालण्यापेक्षा 275 डॉलर स्वस्त आहेत, आणि आजारी आईसाठी रात्रीच्या विमानाने निघायचे असते तेव्हा तर त्यांचा हिशेबही कुणी करत नाही. शपथविधीपूर्वीच अमेरिकन अर्जातले नाव भारतीय पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळवून घ्यावे. मुलांना भारतात वैद्यकीय शिक्षण देण्याचा बेत असलेल्यांनी मात्र कार्डाच्या भरवशावर राहू नये.

2021 च्या त्याच अधिसूचनेत संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रसार आणि गिर्यारोहण यांसाठी विशेष परवानगीची अट आहे, आणि ती कुणाला कधी लागेल याचा अंदाज आधी येत नाही. माझी मुलगी अमेरिकन विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकते आणि तिला वारीतील दिंड्यांवर प्रबंध लिहायचा आहे. मागच्या आषाढात ती आजीच्या गावच्या दिंडीबरोबर पुण्याहून पंढरपूरपर्यंत चालली, तेव्हा तिला कुणी काही विचारले नाही, तिच्या मोडक्यातोडक्या मराठीवर मायेने हसले तेवढेच. यंदा तोच रस्ता वही घेऊन, मुलाखती घेत चालायचा, तर ती परकी संशोधक ठरते आणि सरकारी परवानगी लागते. तिचा अर्ज आम्ही चैत्रातच भरला आहे.