प्लास्टरनंतरची फिजिओथेरपी : साताऱ्यातला माझा अनुभव

यवतेश्वरच्या घाटात गाडी घसरली, उजवी नडगी मोडली आणि मांडीपासून पावलापर्यंत सहा आठवडे प्लास्टर. ते कापलं तेव्हा आतून निघालेला पाय मला माझा वाटेना. मांडी लोंबलेली, कातडीचे पापुद्रे सुटलेले. बावीस वर्षं एस.टी.त वाहक आहे, सगळी नोकरी उभ्यानं. आणि तोच पाय गादीवरून वीतभर उचलेना. पाय मेला, एवढंच डोक्यात.

घराजवळच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये गेलो. तिथल्या ताईंनी आधी टेप काढली. गुडघ्याच्या वाटीपासून १५ सें.मी. वर खूण करून दोन्ही मांड्या मोजल्या. डावी ४८, उजवी ४३.५. आकडे वहीत लिहिले, मलाही दाखवले. मग मांडीवर दोन पॅड बांधून करंट हळूहळू वाढवला. आधी मुंग्या आल्या, मग मांडी एकदम आवळली आणि गुडघ्याची वाटी वर सरकली. मी म्हटलं, ताई, परत एकदा करा.

"काका, नस शाबूत आहे," त्या म्हणाल्या. हे झटके एका मिलिसेकंदाहूनही छोटे असतात आणि नसेवाटेच स्नायूला पोचतात. नस तुटली असती तर स्नायूनं त्यांना दाद दिली नसती. १०० मिलिसेकंदांसारखे लांब झटके द्यावे लागले असते. प्लास्टरमध्ये स्नायूचे धागे बारीक होतात, आणि झीज सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांतच सगळ्यात वेगानं होते. प्लास्टरच्या आतही मांडी आवळून सोडायचा व्यायाम करता येतो, हे मला प्लास्टर घातलं तिथे कुणीच सांगितलं नव्हतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

इथे मशीनची सिटिंग उगाच वाढवली नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. "करंट आला की तुम्हीही गुडघा खाली दाबायचा, नुसतं पडून राहायचं नाही," हे रोज बजावलं जायचं. दोन आठवड्यांत मशीन बंद. पुढे गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, पाय सरळ उचलणं, मग घोट्याला वाळूची पिशवी. दहा आठवड्यांनी उजवी मांडी ४७ भरली. आता जिना धरल्याशिवाय चढतो.

अडचण एकच, मशीन एकच आहे आणि संध्याकाळी पाऊण तास बाकड्यावर बसावं लागतं. सकाळची वेळ मागून घ्या, सैल हाफ पँट न्या, आणि कुणाला पेसमेकर असेल तर पॅड लावायच्या आधी सांगा.