बेसच्या नॉबला खाच नाही! गणपती ते शिमगा वापरलेला पीए स्पीकर

ट्रेबलचा नॉब फिरवला की खर्रखर्र, आणि सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो अख्खं पॅनल बदला. पॅनलची किंमत ऐकून मी स्पीकर उचलला तो थेट कणकवलीच्या बाजारात, जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे. त्याने मागचे स्क्रू काढले, नॉबच्या पोटात कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत गरागरा फिरवला. "पावसाची ओल, दुसरं काय!" चहापाण्याच्या पैशांत काम झालं.

बारा इंची, बॅटरीवाला, दोन माइक, मागे तीन नॉबचा इक्यू, म्हणजे जाड (बेस), मधला (मिड) आणि बारीक (ट्रेबल) आवाज वेगवेगळा कमी-जास्त करायची सोय. बाकी सगळं डब्यावर छापलेलं आहे. वॅटच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. आमचं भजनी मंडळ. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, साउंडवाला असतो, पण घरगुती गणपती, देवळातला सप्ताह, वाडीतली पूजा, तिथे हाच डबा. बुवा पेटीवर, एक माइक त्यांच्या तोंडाशी, दुसरा पखवाजाला.

आता मुख्य तक्रार. नॉब मधोमध असला की शून्य, एकीकडे १२ डेसिबल वाढ, दुसरीकडे तेवढीच घट. बऱ्या मिक्सरवर मध्यावर खाच असते, तिथे आल्यावर बोटाला 'टक्' लागतं. इथे काही नाही, लोण्यासारखा फिरतो. वर काळ्या नॉबवर राखाडी रेघ! मांडवात मखराच्या उजेडात ती कोणाला दिसणार? टेम्पोतून येताना कोणाचा तरी गुडघा लागतो, बेस सरकतो, आणि पहिल्या गजराला कळतं. मी आधी बायकोची टिकली चिकटवली, ती घामाच्या बोटाने निघून आली. मग नेलपॉलिशचा ठिपका. एका खाचेत कंपनीचे किती पैसे वाचले असतील? आणि एकोच्या नॉबला मात्र मधोमध छान खाच दिलीय, जिथे तिचा कोणाला काडीचा उपयोग नाही.

किरकोळ वाटेल, नाहीये. बेस ६ डेसिबल वर गेला की तेवढ्या भागासाठी चौपट ताकद लागते. लिमिटरचा (आवाज फाटू नये म्हणून आवरणाऱ्या सर्किटचा) लाल दिवा लुकलुकतो, बॅटरी उतरते, आणि पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या अंगाचा 'धुम' बुवांच्या शब्दांवर बसतो. त्यात इक्यू दोन्ही माइकना मिळून एकच. पखवाजाला द्यावं तर बुवांचं बिघडतं.

आमच्या सभामंडपात खाली लादी, वर पत्रा. बुवांची पट्टी काळी एक, खालचा षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास. बेसचा नॉब १०० हर्ट्झवर काम करतो, पण त्याचा हात वर त्या षड्जापर्यंत पोचतोच. थोडा वाढवला की बुवा मडक्यात तोंड घालून गातायत असं वाटतं. म्हणून बेस घड्याळातल्या दहावर. मिड २.५ किलोहर्ट्झचा आहे, अभंगाची अक्षरं तिथे उमटतात. तो मध्यापेक्षा केसभर वर, त्याच्या पुढे गेलं की माइक शिट्टी मारतो. ट्रेबल खाली. झांजांना माइक लागतच नाही, त्या बुवांच्या माइकमधून आपोआप घुसतात, ट्रेबल वाढवला की बुवा कमी आणि झांजा जास्त. झांजवाल्यांना माइकच्या पाठीमागे बसवा, निम्मं काम तिथेच होतं. 'म्युझिक' नावाचं बटण बेस आणि ट्रेबल दोन्ही फुगवतं. मोबाइलवरची गाणी लावायला ठीक, भजनाला हात लावू नका.

हे लिहून ठेवलं होतं आणि तीन तारे द्यायचे ठरवले होते. मग शिमग्यात मांडावर, उघड्यावर, तोच डबा लावला. भिंत नाही, पत्रा नाही. बेस शून्यावर ठेवूनही आवाज मोकळा, शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही शब्द कळले. स्टँड डोक्यांच्या वर घेतला होता, तेवढंच. म्हणजे निम्मा दोष सभामंडपाचा. परत देवळात आल्यावर डबा भिंतीपासून चांगला पुढे ओढला. भिंतीला खेटून ठेवला की बेस फुकटात वाढतो. आता नॉब दहावरून अकरावर आणलाय. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबल पडतो, तेव्हा मागच्यांना ऐकू येत नसेल तर इक्यूशी झोंबू नका, डबा पुढे न्या.

चार तारे. पाचवा खाचेपायी कापला, आणि मला त्यात जराही वाईट वाटत नाही.

बुवांना यातलं काही नको असतं. त्यांचं एकच, "जरा एको सोड रे!" सोडतो थोडा, गवळणीपुरता.

मोठ्या बॅटरीचं मॉडेल घेऊ का, असं दोघा-तिघांनी विचारलं. पैसे वाचवा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंदच ठेवायचा असतो, आणि संध्याकाळी लावलेला हा डबा, बेस आवरलेला असेल तर, दहापर्यंत आरामात पुरतो. सणासुदीला सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेव्हा चार्जर लावून वाजवा. चार्जरची वायर जेमतेम दोन हात आहे, एक्स्टेंशन बोर्ड सोबत ठेवा.