सिम्युलेशन आणि डिजिटल ट्विन : द्राक्षाच्या प्री-कूलिंगवर हंगामभर वापरल्यानंतर

निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या एका निर्यात पॅकहाउसवर जानेवारी ते एप्रिल सिम्युलेशन (कामाची नक्कल कॉम्प्युटरवर चालवून बघणं) आणि डिजिटल ट्विन (सेन्सरच्या चालू नोंदींवर खऱ्या चेंबरसोबत चालणारं मॉडेल) या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी चालल्या. दोन प्री-कूलिंग चेंबर (माल पाठवण्याआधी झटपट थंड करायच्या खोल्या), एकेकात १० पॅलेट (चौकटीवर रचलेले खोके), हवा ओढणारे पंखे, आणि माल शेवटी चाळीस फुटी रीफरमधून (थंड कंटेनरमधून) न्हावा शेवाला. बहुतेक वाचक निकालासाठीच आलेले असतात, तेव्हा तो आधीच सांगतो. तिसरा चेंबर बांधायचा का, हे सिम्युलेशनला विचारा. दोन नंबरचा चेंबर आज रात्री किती वाजता मोकळा होईल, हे ट्विनला विचारा.

सिम्युलेशन सिमपाय या पायथनच्या मोफत लायब्ररीवर बांधलेलं आहे. महागड्या पॅकेजची गरज नाही, गेटचं रजिस्टर मात्र नीट लिहिलेलं हवं. कोणती पिकअप किती वाजता आली, टेबलावरून पॅलेट कधी उतरलं, हे नसेल तर मॉडेलला खायला काहीच नाही.

कागदावरचा हिशेब फसवा असतो. बॅच ६ तासांत थंड होते, भरणं-काढणं धरून ७. दोन चेंबर, प्रत्येकी ३ बॅच, म्हणजे दिवसाला ६० पॅलेट. माल येतो ४०. मग तिसरा चेंबर कशाला? पण पॅलेट तयार होतात सकाळी ११ ते रात्री ९ एवढ्या वेळातच, तासाला ४. पहिली बॅच दुपारी दीडला आत जाते, दुसरी चारला. तिसरीची पॅलेट साडेसहाला तयार, पण चेंबर मोकळा होतो साडेआठला. चौथी नऊला तयार, आत जाते अकराला. तिच्यातलं सगळ्यात आधी बांधलेलं पॅलेट चार तासांहून जास्त वेळ गरमच उभं. मार्चच्या उन्हाळ्यात तेवढ्यात देठ सुकून तपकिरी पडू लागतात, आणि युरोपातला खरेदीदार आधी देठच बघतो.

‘बॅच ८ पॅलेटची करा, लवकर आत जाईल’ ही सूचना हमखास येते. मॉडेलवर घालून बघा. तिसरी बॅच पाचला तयार होते आणि चेंबर उघडतो आठला. वाट दोन तासांची तीन तास झाली, कारण पॅलेट कमी केली म्हणून थंड व्हायचा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही. अशा चुका कॉम्प्युटरवर करून बघणं हाच सिम्युलेशनचा खरा फायदा. गाड्यांच्या वेळा रजिस्टरमधून उचलून तेच मॉडेल शेकडो वेळा पळवा आणि सरासरी न बघता वाईट दिवस बघा, शंभरातले शेवटचे पाच. सरासरी दिवशी कुणाचाच माल खराब होत नसतो.

अडचण त्या ‘६ तास’ या आकड्यात आहे. तो आपण टाकलेला. प्रत्यक्षात मण्याचं तापमान आणि हवेचं तापमान यांतला फरक ठराविक वेळेत निम्मा होतो, पुन्हा तेवढ्याच वेळात निम्म्याचा निम्मा. हवा ० अंश आणि निम्मं व्हायला २ तास धरले, तर जानेवारीत १८ अंशांनी आलेला माल ४ अंशांवर यायला साधारण ४ तास २० मिनिटं लागतात. मार्चअखेर ३० अंशांनी आलेल्या मालाला ५ तास ५० मिनिटं. एकच चेंबर, एकच पंखा, फरक दीड तासाचा. सिम्युलेशनला हे आपण सांगितलं तरच कळतं.

ट्विन इथे कामाला येतं. प्रत्येक चेंबरला मण्यात खुपसायचे चार प्रोब, हवा आत-बाहेर जाते तिथे एकेक सेन्सर, पंख्याचा करंट मोजणारा सीटी, दाराचा स्विच. आरएस-४८५ वायरवरून सगळं गेटवेला, म्हणजे नोंदी गोळा करून इंटरनेटवर पाठवणाऱ्या डब्याला, मिनिटाला एक नोंद. पहिल्या तासाभराच्या नोंदींवरून ते त्या बॅचचा निम्मं होण्याचा वेळ काढतं, बॅच कधी संपेल ते सांगतं आणि दर काही मिनिटांनी सुधारतं. तोच वेळ सारख्याच भरणीला २ तासांवरून अडीचवर सरकला, तर कॉइलवर बर्फ धरलंय किंवा पॅलेटवरची ताडपत्री नीट बसलेली नाही. हा इशारा कुठल्याही सिम्युलेशनमधून मिळणार नाही.

बिघडतं ते बहुतेक वेळा प्रोबच्या जागेवरून. हवा पॅलेटच्या बाहेरच्या बाजूने शिरते आणि मधल्या बोळात निघते. बाहेरचे खोके आधी थंड होतात, बोळाकडचे शेवटी. हात पोचतो म्हणून कामगार प्रोब बाहेरच्या खोक्यात खुपसतो आणि ट्विन तासभर आधीच ‘तयार’ म्हणतं. गरम माल लायनरमध्ये (खोक्यातल्या प्लास्टिक पिशवीत) बंद झाला की आत पाणी सुटतं, बुरशी रोखायला ठेवलेल्या पॅडमधला सल्फर डायऑक्साइड एकदम बाहेर पडतो आणि मण्यांवर पांढरे डाग येतात. बोळाकडच्या खोक्यांना रंगीत पट्टी लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय ठरला.

दुसरी गोष्ट वायरची. पीटी१०० या तापमानाच्या प्रोबचा रोध अंशाला ०.३८५ ओहम बदलतो. दोन तारी जोडणीत केबलचा १ ओहम वाढला की वाचन २.६ अंशांनी जास्त दिसतं. तीन तारीच घ्या आणि हंगामाआधी प्रत्येक प्रोब ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून ० दाखवतो का बघा. लाइट जाते तेव्हा जनरेटर येईपर्यंत राउटर बंद पडतो, म्हणून गेटवे आणि राउटर दोन्ही यूपीएसवर हवेत. नोंदीवर वेळ गेटवेनेच टाकावी. सर्व्हरने टाकली तर खंडानंतर सगळ्या नोंदी एकाच मिनिटाला आल्यासारख्या दिसतात आणि अंदाजाची वाट लागते.

आता नावाबद्दल. मिशिगनमध्ये २००२ साली मायकल ग्रीव्ह्ज यांनी जी कल्पना मांडली, तिच्यात खरी वस्तू, तिचं डिजिटल रूप आणि दोघांमध्ये माहितीची ये-जा असे तीन भाग होते. ये आणि जा, दोन्ही. माहिती फक्त वर येत असेल तर अभ्यासक तिला डिजिटल शॅडो म्हणतात. लहान उद्योगांना ट्विन म्हणून जे विकलं जातं ते बऱ्याचदा शॅडोसुद्धा नसतं, रंगीत डॅशबोर्ड असतो. डेमोत एक सेन्सर काढायला लावा. पडदा नुसता कोरा झाला तर आत मॉडेल नाही. अंदाज चालू राहून त्याची खात्री कमी झालेली दिसली तर आहे.

उलट दिशेचा धागा आम्ही उशिरा आणि जपून जोडला. निम्मं तापमान उतरल्यावर ट्विन व्हीएफडीला (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हला) पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणायला सांगतं. वीज वेगाच्या घनात बदलते, म्हणजे पंख्याचा खर्च जवळपास निम्म्यावर येतो. मात्र देठ उणे २ अंशांच्या आसपास गोठतात, तेव्हा हवेच्या तापमानाची खालची मर्यादा पीएलसीमध्येच (चेंबर चालवणाऱ्या कंट्रोलरमध्येच) पक्की हवी, ट्विनच्या हातात नको. पाच मिनिटं डेटा आला नाही की पीएलसीने स्वतःच्या ठरलेल्या आकड्यावर जायचं, आणि पॅनेलवर हाताने फिरवायचा बायपास असायलाच हवा.

तक्रार एकच, पण मोठी. ट्विनची वर्गणी प्रति सेन्सर बारा महिन्यांची आणि द्राक्षाचा हंगाम चार महिन्यांचा. अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) शॉपला हे परवडेल, तिथे मशीन वर्षभर फिरतं. पॅकहाउसने हंगामी दर मागून घ्यावा, आणि करारात मिनिटागणिक नोंदी सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) मिळतील हे लिहून घ्यावं. पुढच्या वर्षीच्या सिम्युलेशनमध्ये ‘६ तास’ खोडून महिन्यागणिक खरे आकडे टाकायचे तर त्याच नोंदी लागतात, आणि वर्गणी थांबली की त्या मिळेनाशा होतात.