कोंबड्यांच्या खाद्यात वनस्पतिजन्य पूरक : काही महिन्यांचा अनुभव

थायमॉल, कार्व्हॅक्रॉल आणि सिनॅमाल्डिहाइड, म्हणजे अनुक्रमे ओवा, ओरेगॅनो आणि दालचिनीच्या तेलांतले मुख्य घटक असलेली पावडर मी ब्रॉयलरला, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांना, बरेच महिने देतोय. पिशवीवर वाढ, पचन, प्रतिकारशक्ती असं सगळंच लिहिलेलं असतं. खरं काय ते बघायला शेडमध्ये मधोमध जाळी लावली. पिल्लं एकाच हॅचरीची, एकाच दिवसाची, खाद्य तेच; फक्त एका बाजूला पूरक. पुढच्या लॉटला बाजू बदलल्या, कारण शेडची एक बाजू कायम जास्त तापते.

पहिला फरक वजनात नाही, लिटरमध्ये, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या तुसात दिसला. पूरकाच्या बाजूचं तूस मुठीत दाबून सोडलं की मोकळं व्हायचं. दुसरीकडे पाण्याच्या भांड्यांपासून लांबच्या तुसाचाही गोळा व्हायचा. पूरकाच्या बाजूची विष्ठा घट्ट, वर पांढरी टोपी, आणि त्यात मक्याचे न पचलेले कण कमी. लिटर कोरडं राहिलं की अमोनिया कमी होतो, डोळे चुरचुरत नाहीत आणि तळपायाला व्रण कमी पडतात. पहाटे पडदे उघडताना नाकालाच हा फरक कळतो.

सरासरी वजनातली वाढ मात्र माफक आहे. काही लॉटमध्ये ती सांगण्यासारखीही नव्हती. एफसीआर, म्हणजे किलोभर वजनवाढीला लागणारं खाद्य, थोडा सुधारला. मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की मागे पडणारे बारके पक्षी कमी झाले आणि लॉट एकसारखा निघाला. एक निरीक्षण आवर्जून सांगतो : ज्या लॉटचं ब्रूडिंग, म्हणजे सुरुवातीच्या दिवसांतलं ऊब देऊन केलेलं संगोपन, उत्तम झालं होतं, तिथे दोन्ही बाजूंत फारसा फरक उरला नाही. पहिल्या दिवसांत पिल्लांना 32 ते 34 अंश ऊब आणि स्वच्छ पाणी मिळालं नसेल, तर कुठलीही वनस्पती ती उणीव भरून काढत नाही.

तेलं उडून जाणारी असतात, हे खरेदी करताना डोक्यात ठेवा. खाद्याच्या गोळ्या (पेलेट) करताना वाफेने खाद्य 70 ते 90 अंशांपर्यंत तापतं, आणि उघडं तेल तिथेच उडतं. शिवाय जे पोटात जातं तेही आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं, पुढच्या भागात थोडंच पोचतं. म्हणून आवरण दिलेलं, मायक्रोएनकॅप्सुलेटेड उत्पादनच घ्यावं. पिशवी उघडताच खोलीभर घमघमाट सुटला तर मला शंकाच येते. मिसळतानाही काळजी हवी. टनाला काहीशे ग्रॅमच जातं, त्यामुळे आधी थोड्या भरड्यात कालवून मग मिक्सरमध्ये टाकावं, नाहीतर निम्म्या पक्ष्यांना काहीच मिळत नाही.

हळद आणि लसूण घरी दळून घालण्याबद्दल बरेच जण विचारतात. हळदीत कर्क्युमिन साधारण 2 ते 5 टक्केच, त्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं. आतड्यापुरता उपयोग मी मान्य करतो. लसणातलं अॅलिसिन ठेचल्यावर तयार होतं आणि लवकर मोडतं, त्यामुळे साठवलेल्या पुडीचा भरवसा नाही. कडुनिंब जास्त झाला तर कडूपणाने पक्षी खाणंच कमी करतात. मिरचीचा तिखटपणा मात्र त्यांना जाणवत नाही, कारण तिखट ओळखणारा पक्ष्यांच्या चेतातंतूंवरचा ग्राही (रिसेप्टर) मिरचीतल्या कॅप्सेसिनला दाद देत नाही; डोळे चोळतो तो मिसळणारा माणूस.

या पुरकांना इतकं महत्त्व आलं ते वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालण्यावर बंदी आल्यामुळे. स्वीडनने ती 1986 मध्ये घातली, युरोपीय संघात 1 जानेवारी 2006 पासून ती पूर्ण झाली. म्हणून कुणी याला औषधच समजू लागलं तर मला खरंच काळजी वाटते. खाद्यातलं प्रमाण प्रयोगशाळेत जंतू मारायला लागणाऱ्या प्रमाणापेक्षा बरंच कमी असतं. राणीखेत, गंबोरो या विषाणूजन्य रोगांच्या लसी ठरल्या वेळीच द्याव्या लागतात. रक्ती हगवण दिसली तर पावडर वाढवत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. कॉक्सीत (कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण करणारा आतड्याचा परजीवी रोग) एक दिवसही महाग पडतो.

सध्या मी पूरक स्टार्टर आणि ग्रोअर, म्हणजे सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यांच्या खाद्यांमध्ये देतो, कारण आतडं त्याच काळात घडत असतं. फिनिशरमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्याच्या खाद्यात, बंद करून पाहिलं, लिटर तेवढंच कोरडं राहिलं, म्हणून तिथला खर्च थांबवला. उन्हाळी लॉटला मात्र शेवटपर्यंत चालू ठेवतो. खरेदीच्या वेळी प्रत्येक बॅचचा, त्यातल्या सक्रिय घटकाचं प्रमाण सांगणारा तपासणी अहवाल मागतो, आणि तो न देणाऱ्याकडून घेत नाही.